बाराच्या नळीत वीसचं काडतूस

माझ्याकडे बंदूक दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात बंदूक असूच नये, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पूर्वी मी हे तोंडावर सांगायचो. गिऱ्हाईक तुटायचं, बायको कपाळाला हात लावायची. पण जन्मभर लोखंडाशी झटलेल्या माणसाला गोड बोलायला कोण शिकवणार? आता वय झालं, परवाना परत केला, हत्यारं भाच्याला दिली. ज्यांच्यावर राग काढायचा ती माणसं समोर नाहीत, म्हणून कागदावर काढतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही.

मी पांचाळ. आमच्या घरात तीन पिढ्या भाता आणि ऐरण. मी एका सरकारी कारखान्यात बंदुकीच्या नळ्या तपासायच्या खात्यात होतो. नव्वदच्या सुमारास ती नोकरी सोडली, कोपरखैरण्याला घर घेतलं आणि तुर्भ्याला एका ओळखीच्या लेथवाल्याच्या शेडमध्ये कोपरा धरून दुरुस्तीचं काम सुरू केलं. बंदूक दुरुस्तीला सरकारी परवाना लागतो. दर वर्षी त्याचं नूतनीकरण असतं, आणि दर वर्षी कुणा ना कुणा साहेबासमोर उभं राहावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते ह्या कागदाच्या भीतीनं केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. नेरुळच्या एका बिल्डरनं दुनळी आणली. म्हणाला, उघडत नाही. मी नळीत वाकून बघितलं तर आत राख. दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली होती आणि दर गुरुवारी वहिनी नळ्यांच्या तोंडात अगरबत्त्या खोचायच्या. नळीतून निघणारा धूर बरा दिसतो म्हणे. मी त्यांना म्हटलं, साहेब, परवाना रद्द करा आणि पितळेचं घर घ्या अगरबत्तीला. ते परत आले नाहीत.

दुसरे एक गृहस्थ उरण बाजूचे, जमिनीचे पैसे आलेले. निवडणुकीच्या दिवसांत सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तशी यांचीही झाली. चार महिन्यांनी परत मिळाली ती थेट माझ्याकडे. लग्नाच्या वरातीत बार काढायचे होते, जरा तेल मारून द्या म्हणाले. नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, अंगठ्याएवढं. मी ते गजानं फोडून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, ह्याच्यामागून बार काढला असता तर काय झालं असतं, सांगा. ते म्हणाले, माती उडून गेली असती. नाही उडत. नळीत काहीही अडकलेलं असलं की मागचा दाब पुढे जायला वाट शोधतो, आणि वाट नाही मिळाली तर नळी फाडतो. आणि दुनळी धरताना तुमचा डावा हात असतो नेमका तिथेच. एवढं एक वाक्य ज्याला समजलं त्याच्याच हातात मी बंदूक द्यायचो. बाकीच्यांना फक्त पावती द्यायचो.

असा मी एका नेमबाजी क्लबच्या नजरेत आलो. जासईच्या पुढे डोंगरात खडीची एक बंद पडलेली खाण होती, ती त्यांनी भाड्यानं घेतली होती. तिन्ही बाजूंना उभा कडा, समोर खोल खड्डा. दर रविवारी सकाळी मुंबईतून गाड्या यायच्या. मी बेलापूरपर्यंत बसनं आणि पुढे सहा आसनी रिक्षात गुडघे छातीशी घेऊन जायचो. खुर्ची, टेबल, वर पत्रा, एवढं माझं राज्य. गळ्यात शिट्टी. ती वाजली की मैदानावरच्या सगळ्यांनी बंदुका उघडून खाली करायच्या, मग तो कुणी का असेना.

खेळ सोपा आहे. खड्ड्यात एक यंत्र असतं, ते हवेत बशीएवढी तबकडी फेकतं. नाव मातीची, पण असते डांबर आणि चुनखडीची. ती उडताना छर्‍यांनी फोडायची. ना शिकार, ना रक्त. मला हा खेळ आवडायचा, खोटं कशाला सांगू. तबकडी बरोबर लागली की काळी धूळ होऊन हवेतच विरते आणि मारणारा माणूस, तो कितीही मोठा असो, पोरासारखा मागे वळून बघतो, कुणी पाहिलं का म्हणून.

बघणारा असायचा धर्मा म्हात्रे. तो त्याच बाजूच्या गावचा, आगरी, तेव्हा चाळिशीचा. आधी मिठागरात, मग मिठागर गेलं, शेत गेलं, बंदरात नोकरी मिळणार होती ती मिळाली नाही. क्लबनं त्याला यंत्रावर घेतलं आणि सहा महिन्यांत तो नेमबाजाच्या डाव्या अंगाला उभा राहून काडतुसं हातात द्यायचं काम करू लागला. ह्या माणसाची नजर म्हणजे काय सांगावं! छर्रे हवेतून जाताना त्याला दिसायचे. माणसाचा नेम चुकला की धर्मा हळूच सांगायचा, साहेब, मागं राहिलात, किंवा, खालून गेला. शंभर वेळा पडताळून पाहिलं, शंभर वेळा बरोबर. सभासद परदेशातून पुस्तकं मागवून वाचायचे, पण शिकले ते धर्माकडून. तो स्वतः आयुष्यात एकही बार उडवलेला माणूस नव्हता. त्याला परवाना कोण देणार?

आता त्या शेटकडे येतो. नाव घेत नाही, घेतलं तर संपादकांना त्रास. जासईजवळ त्यांचं कंटेनरचं मोठं यार्ड होतं आणि क्लबच्या निम्म्या खुर्च्या त्यांनीच दिलेल्या. त्यांच्याकडे बारा बोअरची एक देखणी दुनळी होती, एकावर एक नळ्यांची. त्यांची मुलगी कॉलेजात शिकत होती आणि तिला खेळ शिकायचा होता. पण बारा बोअरचा धक्का पोरीला झेपेना. पहिल्याच रविवारी खांदा निळा पडला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती उभी राहिली. मला पोरगी आवडली.

बंदुकीत बारा बोअर, वीस बोअर असतं ते ऐकून असाल. उलटा हिशोब आहे. आकडा मोठा तशी नळी लहान. वीसचं काडतूस बारापेक्षा बारीक, दारू कमी, धक्का कमी. शेटच्या परवान्यावर वडिलांची एक जुनी वीसची बंदूकही होती, पण तिचा दस्ता वाळवीनं खाल्लेला. परदेशातून नवी आणायची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. मग शेटनी परदेशातून दोन बुश आणले. बुश म्हणजे बोटाएवढी पोलादी नळी. बाहेरून बाराच्या काडतुसाएवढी, आतून वीसची. बाराच्या बंदुकीत मागून बुश बसवायचा, बुशात वीसचं काडतूस घालायचं, बंदूक बंद करायची आणि मारायचं. छर्रे बाराच्या मोठ्या नळीतून थोडे पसरट जातात, नेमात जरा फरक पडतो, पण खांदा वाचतो. शिकणाऱ्यासाठी वस्तू एक नंबर. वस्तूला मी आजही नावं ठेवत नाही.

फक्त काम वेळखाऊ. प्रत्येक बार उडाला की बंदूक उघडायची, बुश नखानं ओढून काढायचा, उडालेल्या काडतुसाची आत फुगून बसलेली पुंगळी पितळी दांडीनं ठोकून पाडायची, नवं काडतूस घालायचं, बुश परत बसवायचा. शेटच्या बंदुकीत पुंगळी आपोआप फेकणारी स्प्रिंग होती, ती मी काढून ठेवली, नाहीतर बुश उडून खाणीत गेले असते. हे सगळं धर्मा करायचा, न कंटाळता. तिसऱ्या रविवारी पोरीनं पहिली तबकडी फोडली. ती मागे वळली ती बापाकडे नाही, धर्माकडे. धर्मानं नुसती मान हलवली आणि पुढचा बुश पुढे केला.

आता धोका सांगतो. बुश बंदुकीत नसताना वीसचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर काय होतं? ते बाहेरही पडत नाही आणि जागेवरही राहत नाही. घसरून पुढे जातं आणि नळी जिथे निमुळती होते तिथे त्याची कड अडकते. तुम्ही मागून बघता तर जागा रिकामी दिसते. घोडा ओढला तर नुसता खटका वाजतो. माणूस म्हणतो, अरेच्चा, भरायला विसरलो वाटतं. आणि मागे बाराचं काडतूस भरतो. ते आरामात बसतं. आता पुढे एक भरलेलं काडतूस, मागे दुसरं, आणि त्यावर तुमचा डावा हात. कुंभारमाशीची माती ह्याच्यापुढे काहीच नाही.

म्हणून मी नियम केला. मैदानात एका वेळी एकच बोअर. बुश लावले की बाराची सगळी काडतुसं माझ्या टेबलावर. बुश काढले की वीसची सगळी माझ्या टेबलावर, आणि खिसे उलटे करून धर्माला दाखवायचे. बुश काढायचे ते मीच, टेबलावर, दुसऱ्या कुणी नाही. जगभर वीसची काडतुसं बहुतेक पिवळ्या रंगाची करतात ती ह्याच भीतीपोटी. पण शेटना परवान्यावर मिळालेली लाल होती, आणि क्लबची बाराचीही लाल. म्हणून नियम आणखी कडक. मी पत्र्यावर ऑइल पेंटनं लिहून टांगला होता.

दोन महिने नियम चालला. मग शेट रागावले. धर्मा त्यांचे खिसे बघतो, ह्याचा त्यांना अपमान वाटायला लागला. ज्याच्या यार्डात ह्याच्या गावची माणसं कामाला, त्याच्या खिशाला हा हात लावणार? क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी मला बाजूला घेतलं. हे निवृत्त अधिकारी, बोलणं अगदी लोण्यासारखं. म्हणाले, पांचाळ, सभासद आहेत, चोर नाहीत, जरा सबुरीनं घ्या. मी तावातावानं सांगितलं की काडतुसाला सभासद आणि चोर कळत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. पुढच्या रविवारी शेट बुशाची डबी स्वतःच्याच खिशात घेऊन आले आणि मी बघत राहिलो. धर्मानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मी एवढा तोंडाळ माणूस, बिल्डरला अगरबत्तीवरून झापणारा, पण तिथे मी मुकाट टेबलाकडे वळलो.

तो रविवार थंडीतला होता, उन्हं नुकती कड्यावरून खाली आलेली. पोरीची पंचवीस तबकड्यांची पाळी झाली आणि ती पाणी प्यायला गाडीकडे गेली. शेट म्हणाले, आता मी. बुश त्यांनी तिथेच उभ्या उभ्या नखानं ओढून काढले आणि जाकिटाच्या एका खिशात टाकले. दुसऱ्या खिशात पोरीची उरलेली वीसची काडतुसं होती. धर्मा बाराची काडतुसं घेऊन हात पुढे करून उभा होता. शेटना धीर नव्हता. स्वतःच्या खिशात हात घातला, एक काडतूस खालच्या नळीत टाकलं, बंदूक बंद केली आणि तबकडी मागितली. तबकडी उडाली. नुसता खटका वाजला.

मी टेबलापाशी दुसऱ्या एकाच्या बंदुकीचा स्क्रू बसवत होतो. पंधरा पावलांवर. खटका मी ऐकला. असा मोकळा खटका कानाला ओळखू येतो. मग धर्माचा आवाज आला.

"शेट, थांबा. टाकलेलं काडतूस भायेर नाय आलं."

शेटनी बंदूक उघडली. आत बघितलं, रिकामं दिसलं. धर्मा पुन्हा म्हणाला, थांबा शेट, मी बगितलंय, आत गेलंय. शेट म्हणाले, तू मला शिकवणार? आणि त्याच्याच तळहातावरचं बाराचं काडतूस उचलून भरलं. धर्मा तिसऱ्यांदा थांबा म्हणाला तेव्हा त्याचा आवाज चढला होता. माझ्या हातातला स्क्रू नखाएवढा होता, गवतात पडला तर सापडत नाही. मी तो बसवत राहिलो.

तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. शेटच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. नळीचा एक तुकडा वर उडाला तो धर्माच्या उजव्या डोळ्यात गेला. शेटच्या डोळ्यांवर नेमबाजीचा जाड चष्मा होता, त्यावर नुसता ओरखडा आला. क्लबकडे तसे चार चष्मे होते. चारही सभासदांसाठी. जो माणूस दिवसभर प्रत्येक बार उडताना शेजारी उभा राहतो त्याला चष्मा लागेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी म्हणे सुरक्षेचा माणूस!

गाडीत शेटना घातलं, वाशीला नेलं. धर्माला दुसऱ्या गाडीची वाट बघावी लागली, कारण सीटवर रक्त लागेल म्हणून एक गृहस्थ आधी वर्तमानपत्र शोधत होते. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, आईवरून शिव्या दिल्या, वर्तमानपत्र फाडून टाकलं. त्या दिवशी मी एवढंच एक काम धड केलं.

मंगळवारी सेक्रेटरी साहेबांनी फोर्टमधल्या त्यांच्या ऑफिसात बोलावलं. चहा दिला. मी फुटलेली नळी तपासून दीड पानाचा अहवाल लिहून नेला होता. काय घडलं, कुठून काडतूस आलं, कोण काय म्हणालं, सगळं. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, पांचाळ, दोन बोअर एका मैदानावर आले, ही जबाबदारी कुणाची? नियम तुमचा, बुश टेबलावरच काढायचे हा नियमही तुमचा. मग पोलीस पहिला प्रश्न कुणाला विचारतील? परवाना मार्चमध्ये आहे ना तुमचा? मी कप खाली ठेवला. मग ते म्हणाले, काडतुसं द्यायचं काम म्हात्रेचं. गर्दीत एखादं चुकीचं हातात गेलं असेल त्याच्या. अशिक्षित माणूस आहे, कुणी त्याला फासावर देत नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा की तुमचं लक्ष नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरीही दुपारी पोलिसांपुढे जबाब देताना मी तेच सांगितलं. माझं लक्ष नव्हतं, मी काही ऐकलं नाही. मराठीत लिहिलेल्या जबाबाखाली मराठीत सही केली. दुसरा ऐकणारा कुणी नव्हता. बाकीचे सभासद लांब गाड्यांपाशी होते. पोरगीही तिथेच होती, तिला कुणी विचारलंही नाही आणि महिन्याभरात ती बाहेरगावी शिकायला गेली. प्रकरण अपघात म्हणून मिटलं. क्लबच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, कामगाराच्या हातून चुकीचं काडतूस दिलं गेलं. मार्चमध्ये माझा परवाना विनातक्रार झाला. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. त्या फोनची आजही शिसारी येते.

मी क्लब सोडला, ह्याला शूरपणा म्हणू नका. तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून सोडला. धर्माला हॉस्पिटलात एकदा भेटलो होतो. तेव्हा डोक्याला पट्टी, तो झोपलेला. मी मोसंबी ठेवून पळालो.

पुढच्या पावसाळ्यानंतर एक दिवस तो तुर्भ्याला माझ्या शेडच्या दारात उभा. उजव्या डोळ्याच्या जागी खोबण, वर काळा चष्मा, रस्त्यावर मिळतो तसला. लेथ चालू होतं म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर गेलो. मला वाटलं, पैसे मागायला आला. मनात आकडाही काढून ठेवला होता, मी असा हलकट. त्यानं पैशाचं नावच काढलं नाही. काय झालं होतं ते त्यानं सांगितलं. शेटनी बोटांची पट्टी निघायच्या आधीच यार्डातून धर्माच्या गावची सगळी माणसं काढून टाकली होती. नऊ घरं. कारण एकच सांगितलं, तुमच्या माणसानं माझा हात घालवला. गाव शेटला काय बोलणार? गाव धर्मावर उलटलं. नाक्यावर त्याच्याशी कुणी बोलेना. चुलतभावाच्या घरी हळद होती, त्याला बोलावणं नाही. त्याच्या बायकोला, यमुनाला, नळावर बायका म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याला बारा नि वीस कळलं नाय आणि आमच्या चुली विझल्या.

मी घाईघाईनं म्हटलं, मी लिहून देतो. स्टॅम्प पेपरवर देतो, आत्ता देतो. क्लबमध्ये तो मला अहोजाहो करायचा, कारण तिथे तसं शिकवलं होतं. आता तो त्याच्या घरच्या बोलीत बोलला.

"मना कागद नको, मिस्त्री. कागद कोन वाचतंय? गाव तोंडानं बोललंय. तू पन तोंडानं येऊन सांग, मी थांबा बोललो व्हतो."

मी हो म्हटलं. आणि गेलो नाही. पाच महिने गेलो नाही. कधी काम, कधी ताप, कधी भाच्याचं लग्न. खरं कारण असं की तोंडानं सांगितलं तर ते शेटच्या कानावर जाणार, शेटकडून साहेबांकडे, आणि पुन्हा मार्च येणार. मार्च उलटला, परवाना हातात पडला, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी गेलो. बघा, किती हिशोबी धैर्य! हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

सकाळी दहाची वेळ. देवळासमोर पिंपळाचा पार आहे, तिथे माणसं पेपर वाचत बसलेली. मागून कंटेनरच्या गाड्यांची घरघर. धर्मानं आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पंचवीस-तीस जण होते, त्यांत यार्डातून काढलेले पण होते. कुणी या बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बुश काय असतो इथपासून सुरुवात केली, एक बुश मुद्दाम करून नेला होता, लाकडाचा, तो आणि दोन रिकाम्या पुंगळ्या हातोहात फिरवल्या. शेटनी काडतूस स्वतःच्या खिशातून काढलं हे सांगितलं. धर्मा एकदा नाही, तीनदा थांबा म्हणाला, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं, हे सांगितलं. पोलिसांत खोटं बोललो, परवान्यासाठी बोललो, तेही सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला. शेटला, साहेबाला, त्या चार चष्म्यांना मी तिथे इतक्या शिव्या घातल्या की दोन म्हातारे हसायला लागले. मला बरं वाटायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू, मला जवळजवळ मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

एक म्हातारा उठला, धर्माचा लांबचा काका. त्यानं धर्माच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की पोराचा दोष नाय. मग यार्डातून काढलेल्यांपैकी एकानं धर्माला जवळ बसायला जागा करून दिली. धर्मा बसला नाही. माझ्या शेजारीच उभा राहिला, मला एकट्याला कशाला उभं ठेवायचं म्हणून असेल.

बायका जरा लांब, देवळाच्या पायऱ्यांपाशी होत्या. त्यांतून यमुना पुढे आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. आगरी बाई, सडसडीत, डोक्यावर पदर नीट घेतलेला. ती रागात नव्हती. एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसं तिनं विचारलं.

"तू आयकलंस, हे थांबा बोलले ते?"

मी म्हटलं, हो, तिन्ही वेळा.

"यांचं शेटनं नाय आयकलं. तुजं आयकलं असतं. मंग तू कनाला नाय बोललास?"

का नाही बोललास, एवढंच तिला हवं होतं. मला शेट, साहेब, परवाना, सगळं तोंडावर आलं, पण ह्या प्रश्नाला त्यांतलं काहीच लागू पडत नव्हतं. तेव्हा साहेब कुठे होते? मार्च कुठे होता? गळ्यात शिट्टी होती आणि खटक्यापासून बार उडेपर्यंत आठ-दहा सेकंद होते. मी स्क्रूचं सांगणार होतो. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं नाही, दुसरंच आलं.

मी म्हटलं, धर्मा बोलत होता म्हणून मी मान वर केली नाही. मला वाटलं, मिठागरातला माणूस, ह्याला बंदुकीतलं काय कळतं. तेच शेटची मुलगी थांबा म्हणाली असती तर मी हातातलं टाकून धावलो असतो.

यमुनानं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि बायकांत परत गेली. धर्मा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानंही ऐकलं.